मेलेल्या रोपांची हजेरी

चार यत्ता शिकलेली बाई अमेरिकेत जाऊन काय काय करू शकते हे ऐकायचं असेल तर बसा. चहा घ्या. फक्त मधे मधे 'अरेरे' करू नका, मला त्याची चीड आहे.

माझ्या हातून जे झालं ते मी माझ्याच तोंडानं सांगणार. दुसऱ्या कुणी सांगितलं तर तो म्हणेल, बिचारी साधी बाई, तिला काय कळतं. खोटं आहे ते. मला सगळं कळत होतं. मी त्या दिवशी साधी नव्हते, हुशार होते. साध्या बाईच्या हातून एवढं नुकसान होतच नाही. त्याला हुशारी लागते.

माझी पोरगी प्रज्ञा तिकडे पीएचडी करते. गावाचं नाव स्टेट कॉलेज. हो, गावाचंच नाव. आपल्याकडे एखाद्या गावाला 'तहसील कचेरी' नाव ठेवावं, तसं. चार वर्षं मी फोनवर विचारत होते, बाई, तुझं काम काय? ती म्हणायची, आई, झाडांवर काम आहे, जंगलात. मग मी वस्तीत सांगितलं, विहारात सांगितलं, पोरगी अमेरिकेत फॉरेस्टची साहेब झाली. लोकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. का हलवली सांगू? कारण मी त्याच फॉरेस्टची मजूर होते. वीस वर्षं.

आता या वीस वर्षांबद्दल सांगावंच लागेल, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या, पावसाआधी खड्डे खणायचे, पाऊस पडला की रोपं लावायची, मग निंदणी. हे सरळ काम. सरळ काम कुणीही करतं. आमची खरी कारागिरी दिसायची ती साहेब पाहणीला यायचा त्याच्या आदल्या दिवशी.

लावलेल्या शंभरातली साठ रोपं तर मरायचीच. पाणी नाही, कुंपण नाही, गुरं मोकाट. पण कागदावर ऐंशी जिवंत दाखवलेली असायची. मग मुकादम सांजेला वस्तीवर यायचा आणि म्हणायचा, बायांनो, उद्या पहाटे लवकर. आम्ही समजून जायचो. मेलेलं रोप उपटायचं, त्याच खड्ड्यात हिरवी फांदी खोचायची, माती दाबायची, वरून तांब्याभर पाणी. सागाची फांदी दुपारपर्यंत मान टाकते, म्हणून साहेबाला अकराच्या आत फिरवून आणायचं. उपटलेली रोपं एका ढिगात टाकायची नाहीत, साहेबाचा बूट पडतो त्यावर. लांब लांब फेकायची.

यात मी पहिला नंबर होते. माझी फांदी वाऱ्यातही हलायची नाही. मुकादम सांगायचा, रस्त्याकडची ओळ हिच्याकडे द्या.

एकदा एक नवा गार्ड आला. पोरगेलासा, गळ्यात पेन. त्यानं मेलेली ती मेलेली म्हणून लिहिली. पंधरा दिवसांत त्याची बदली झाली, आणि आमची मजुरी दोन महिने अडकली. तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की शिकले. जो मेलेलं मेलेलं लिहितो, तो स्वतः मरतो आणि सोबत दहा घरांची चूल विझवतो.

आता चला अमेरिकेत.

मी जूनमध्ये गेले. प्रज्ञा एका मैत्रिणीबरोबर राहते. मुग्धा तिचं नाव, पुण्याची. गोड पोरगी, पण तिचं एक वाक्य मराठीत सुरू होतं आणि दुसऱ्याच गावाला जाऊन उतरतं. मला काकू म्हणते. आठ दिवस मी त्या घरात बसून होते. खिडकीतून गवत बघायचं. गवत कापणारा माणूस बघायचा. मग कापलेलं गवत बघायचं.

नवव्या दिवशी रविवार होता. प्रज्ञा म्हणाली, आई, चल, आज तुला माझं रान दाखवते. मुग्धानं गाडी काढली. मी भाकऱ्या थापल्या, ठेचा घेतला, थर्मासमधे चहा. सहलच म्हणा. गाडीत बसायच्या आधी प्रज्ञानं माझी साडी गुडघ्यापर्यंत वर करून आत तिची पँट घालायला लावली आणि पँट मोज्यात खोचली. तिकडे गवतात गोचिड्या असतात म्हणे, माणसाला चावतात, त्यानं मोठा आजार होतो. आरशात बघितलं तर मी तमाशातल्या हवालदारासारखी दिसत होते. असो.

अर्ध्या तासात गाव संपलं, शेतं संपली आणि मग रांगा लागल्या.

पाईनची झाडं, उंच, सरळ, एकसारखी. एका बाजूनं बघितलं तर जंगल. जरा पुढे जाऊन तिरकं बघितलं तर रांग. पुन्हा रांग. पुन्हा रांग. मी गाडीतच म्हटलं, हे लावलेलं आहे. प्रज्ञा मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, हो आई, खूप वर्षांपूर्वीची लागवड आहे, तुला कसं कळलं? मला कसं कळलं! अगं, देवानं कधी दोरी धरून झाडं लावलीत का?

त्या रांगांमधून चालताना मला फार बरं वाटलं, खरं सांगते. खाली मऊ सुया, वर सावली. मी मनात मोजत होते, दोन झाडांत एवढं अंतर, दोन ओळींत तेवढं. आणि एकही खड्डा रिकामा नाही. मला वाटलं, इथला मुकादम जबरदस्त असला पाहिजे.

रांगा संपल्या आणि समोर माळ उघडला. मोठा, खोलगट, थाळीसारखा. वाळूची जमीन. गुडघ्याएवढी खुरटी झुडपं, कुठे बोराएवढी निळी फळं, कुठे वाकडंतिकडं ओकचं झाड, तेही माझ्या खांद्याएवढंच. मी म्हटलं, हे काय, पडीक? प्रज्ञा म्हणाली, पडीक नाही, हा असाच असतो. इथली गार हवा खाली साचते, उन्हाळ्यातसुद्धा पहाटे थंडीनं पाला करपतो, म्हणून झाडं वाढत नाहीत. इथे झाडं जगतात का, आणि मरतात तर कशानं, हेच तिचं काम.

मग तिनं तिचे दोन तुकडे दाखवले. एक उघडा, साठ रोपांचा. दुसरा तेवढाच, पण उंच जाळीच्या आत, हरणांनी खाऊ नये म्हणून. पाईनची रोपं, तीन वर्षांची, गुडघ्याला लागतील एवढी. प्रत्येकाला तारेनं एक पत्र्याची चकती बांधलेली, चकतीवर नंबर.

जाळीतली सगळी हिरवीगार. मग उघड्यावरची बघितली. अर्ध्याच्या वर मेलेली. तांबडी, वाळलेली. मी नजरेनं मोजली. साठातली चौतीस.

आणि माझी पोरगी त्या मेलेल्या रोपांमधे गुडघ्यावर रांगत होती. हाताला माती, कपाळाला माती. मी जिला चिखलात पाय टाकू दिला नाही, शाळेच्या कपड्यावर डाग पडू दिला नाही, ती. मला आधी तेच टोचलं. साहेब असं रांगतो का कुठे?

ती मुग्धाशी बोलत होती. "या वर्षी फारच गेली गं. उद्या मॅडम येणारेत बघायला." मग एक मोठा सुस्कारा.

तो सुस्कारा मी ओळखते. आमच्या मुकादमाचा अगदी तसाच असायचा.

मी विचारलं, मॅडम म्हणजे तुझी साहेब? हो म्हणाली. ती पास करणार तुला? हो, तिचीच सही लागते. मग एवढी मेलेली बघून ती काय करेल?

ती हसली. म्हणाली, काही नाही आई, मेली ती मेली म्हणून लिहायचं.

तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यापुढे तो गार्ड उभा राहिला. गळ्यात पेन असलेला.

म्हणजे बघा, पोरीनं मला खरं ते स्पष्ट मराठीत सांगितलं होतं. माझा कान ठीक होता. माझा विश्वास बसला नाही, एवढंच. मला वाटलं, आईला काळजी नको म्हणून बोलते आहे. नाहीतर मग भोळी आहे. शिकली खूप, पण पाहणी म्हणजे काय ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असतं?

त्या दोघींना माळाच्या पलीकडच्या टोकाला जायचं होतं. तिथे थंडी मोजायची यंत्रं लावली आहेत, त्यातले आकडे काढायचे होते. दोन तास लागतील म्हणाल्या. माझा गुडघा दुखतो, म्हणून मला पाईनच्या सावलीत बसवलं, जवळ पाण्याची बाटली ठेवली. प्रज्ञा बजावून गेली, आई, इथून कुठे जाऊ नकोस, अस्वल असतं कधी कधी.

अस्वल! अस्वलाला माझी भीती वाटायला हवी होती.

त्या दिसेनाशा झाल्या आणि मी उठले. गुडघा? गुडघा तेव्हा कुठे दुखतोय.

वाळूची जमीन. मेलेलं रोप केस उपटल्यासारखं येतं. ओढायचं, चकती काढायची, रोप बाजूला. चौतीस रोपं मी पाऊण तासात काढली. आमच्याकडे मुरमात एवढ्या वेळात दहा निघाली नसती. आता हिरव्या फांद्या पाहिजेत. मोठ्या झाडांच्या फांद्या जाड, रोपासारख्या दिसत नाहीत. रोपासारखा दिसतो तो रोपाचाच शेंडा. आणि शेंडे होते जाळीच्या आत. कोवळे, सरळ, हाताएवढे. बोटानं कटकन तुटतात, चाकूसुद्धा लागत नाही.

मी जाळीचं दार उघडलं. मनात म्हटलं, भरलेल्या घरातून मूठभर घेतलं तर कुणाला कळतं? एका रोपाचा एकच शेंडा घ्यायचा, असा नियम केला. माझ्यातही न्याय आहे. चौतीस रोपांचे चौतीस शेंडे. साडीच्या ओच्यात भरून आले.

मग लावले. एकेक चकती त्याच्या त्याच्या जागी, नव्या फांदीच्या गळ्यात. नंबर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. वाचता येतात मला आकडे, चार यत्ता शिकले आहे. माती दाबली, बाटलीतलं पाणी शिंपडलं. आणि मेलेली रोपं लांब त्या निळ्या फळांच्या झुडपात, एक इकडे, एक तिकडे, शंभर पावलांवर फेकून आले.

लांबून बघितलं. साठ रोपं, साठही हिरवी. वाऱ्यात एकही हलत नव्हतं. आणि पाईनची फांदी सागासारखी मान टाकत नाही हो, दिवसचे दिवस हिरवी राहते. मला वाटलं, हे झाड आमच्याकडे असतं तर आमच्या मुकादमाचा जिल्ह्यात सत्कार झाला असता.

पोरी परत आल्या तेव्हा आभाळ भरून आलं होतं, थेंब पडायला लागले होते. धावत गाडीत बसलो, भाकरी गाडीतच खाल्ली. तुकड्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. मी काही बोलले नाही. का बोलू? चांगलं काम बोलून दाखवायचं नसतं, मॅडमच्या तोंडून पोरीला कळू दे. त्या रात्री मी इतकी गाढ झोपले, अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच.

सोमवारी सकाळी मी हट्टानं त्यांच्याबरोबर गेले. मॅडम दहाला येणार होती, आम्ही नऊलाच पोचलो. प्रज्ञा हातात फावडं घेऊन पुढे गेली. मी मागून तिचा चेहरा बघायला झपझप चालत होते. आनंद बघायला.

ती तुकड्याच्या कडेला थांबली. फावडं तसंच हातात. एक पाऊल पुढे, एक मागे. मला वाटलं, जागा चुकली असं तिला वाटतंय. मग ती खाली बसली, एका फांदीची चकती फिरवून नंबर बघितला, वही उघडली, पुन्हा नंबर बघितला. दोन बोटांनी फांदी धरून ओढली. फांदी आली वर. खाली मूळ नाही, नुसता तुटलेला देठ.

ती वळली नाही. पाठ माझ्याकडे ठेवूनच बोलली.

"आई, हे तू केलंस?"

मी म्हटलं, हो. आता घाबरू नकोस. मॅडम येऊ दे.

ती वळली तेव्हा मला कळलं, की काहीतरी भलतंच झालं आहे. रागावली असती तर मी दोन दिले असते आणि दोन घेतले असते. ती रागावली नव्हती. तिचा चेहरा पांढरा झाला होता.

मग तिनं मला समजावून सांगितलं. हळू, लहान मुलाला सांगतात तसं. आज मॅडम येणार होत्या त्या मेलेली रोपंच बघायला. एकेक रोप मुळासकट खणून काढायचं, मूळ तपासायचं, थंडीनं मेलं की बुरशीनं की तहानेनं, ते लिहायचं. त्यासाठी तीन वर्षं वाट बघितली होती.

"मढं उपटून फेकलंस तू. आता कशानं मेलं ते मी कुणाला विचारू?"

तेवढ्यात मुग्धानं जाळीकडून हाक मारली. हाकेतच कळलं की पुढचं ताट वाढून आलं आहे. मी शेंडे ओच्यात घेऊन बाहेर पडले होते, दोन्ही हात भरलेले. दार लावलंच नव्हतं. रात्री हरणं आत शिरली. माझ्या शेंड्यांपासून जी वाचली होती त्यातली अकरा रोपं खाऊन, लेंड्या टाकून, शांतपणे निघून गेली. तीन वर्षं जाळीबाहेरून बघत होती बिचारी. त्यांची पार्टी मी दिली.

म्हणजे हिशेब बघा. मेलेली होती ती मी जिवंत केली, जिवंत होती त्यांच्या माना मोडल्या, आणि उरलेल्यांतली अकरा हरणांना वाढली. दोन तासांत. एकटीनं. दुखऱ्या गुडघ्यानं.

मुग्धा प्रज्ञाच्या शेजारी उकिडवी बसली. म्हणाली, "यार, तू पॅनिक होऊ नकोस. हरणांनी केलं म्हणून सांग ना सगळं. दार चुकून उघडं राहिलं, डिअर आले, दोन्ही प्लॉट्स गेले. कोण चेक करणारे? काकूंचं नावच नको मधे."

मी लगेच म्हटलं, पोरगी शहाणी आहे. असंच सांग. फांद्या मी आत्ता उपटते, पाच मिनिटांत एक दिसणार नाही.

आणि खरंच वाकले उपटायला. जित्याची खोड.

प्रज्ञानं माझं मनगट धरलं. म्हणाली, "हात लावू नकोस. आई, मी खोटी झाडं लावायला इथे नाही आले."

आता ऐका. मी तापट बाई आहे, माझं तोंड माझ्या आधी धावतं. मी म्हटलं, "त्याच खोट्या झाडांवर तू दहावी झालीस. बारावी झालीस. तुझ्या वह्या, तुझी सायकल, सगळी त्याच फांद्यांची. तेव्हा नाही विचारलंस खोटी की खरी."

ती म्हणाली, "विचारलं होतं. सहावीत. तू मला थोबाडीत मारलीस."

मला आठवत नव्हतं. तिथे, त्या माळावर, फांदी हातात धरून मी आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवलं. मारलं असेल. मी ज्या दिवशी मारते त्या दिवशी मला बहुतेक कळत असतं की समोरचा खरं बोलतोय.

मुग्धा बुटाच्या नाडीशी खेळत होती. मग पाईनच्या रांगांमधून मॅडमची गाडी आली, मागे उघडी, फावडी-टिकाव भरलेली. मॅडम साठीची असेल. पांढरी वेणी, मातीनं भरलेले बूट, गुडघ्याला ठिगळ. ही साहेब. हिलाही रांगायचीच सवय दिसली. आणि उतरल्या उतरल्या बाईनं काय केलं? उघड्या तुकड्याकडे बघून दोन्ही हात वर केले आणि आनंदानं काहीतरी म्हणाली. मुग्धानं माझ्या कानात सांगितलं, त्या म्हणतायत, एवढी जगलीत?

वीस वर्षांत एवढा चांगला शेरा मला कुठल्या साहेबानं दिला नव्हता.

प्रज्ञा पुढे झाली. मी तिला मागे ओढलं. म्हटलं, माझं मी सांगणार. तू फक्त इंग्रजी कर. आणि गोड करू नकोस, मला तोंडाकडे बघून कळतं.

मी सांगितलं. मुकादम, पहाट, फांद्या, अकराच्या आत साहेब. गार्डची बदली. चौतीस उपटली, चौतीस मोडली, दार उघडं ठेवलं. प्रज्ञा एकेक वाक्य पलीकडे देत होती. एके ठिकाणी तिचं वाक्य माझ्यापेक्षा फार लांब झालं. मी दटावलं, हे मी नव्हते बोलले. ती म्हणाली, "दहा घरांची चूल हे समजावून सांगावं लागतं आई, त्यांना चूल माहीत नाही."

सगळं झाल्यावर मॅडमनं टोपी काढली, कपाळ पुसलं आणि एकच गोष्ट विचारली. फेकलेली रोपं कुठे आहेत, या बाईंना आठवतं का?

आठवतं म्हणजे? मजुरी केली आहे, खुर्चीतली नोकरी नाही. कुठलं रोप कुठल्या खड्ड्यातलं ते मला पोरीच्या वाढदिवसापेक्षा चांगलं आठवतं. मी पुढे, तिघी मागे. त्या निळ्या फळांच्या झुडपात आम्ही सकाळी साडेदहापासून चार वाजेपर्यंत वाकून हिंडलो. झुडपाखाली हात घालायचा, काड्यांनी ओरखडून घ्यायचं, मेलेलं रोप काढायचं, मी खड्डा दाखवायचा, प्रज्ञानं लिहायचं. चौतीसातली एकोणतीस सापडली. बाकीची पाच मी फारच मन लावून फेकली होती.

पण मूळ एकदा हवेत वाळलं की फारसं काही बोलत नाही म्हणे. थोडं लिहिता आलं, बरंच आलं नाही. जाळीचा तुकडा तर गेलाच. तो पुन्हा लावायचा आणि पुन्हा वाढू द्यायचा. मॅडमनं सगळं बघून बोटं मोजली आणि प्रज्ञाला सांगितलं, एक वर्ष जास्त लागेल. निदान एक.

प्रज्ञानं मान हलवली. मी तिच्याकडे बघत होते, तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या वडलांना जाऊन सहा वर्षं झाली. मी एकटीच असते तिकडे. या उन्हाळ्यात संपवून ती घरी येणार होती, तसा शब्द होता. तो शब्द मीच शेंड्यासारखा मोडला. बोटानं, कटकन.

निघायच्या आधी मॅडम गाडीच्या मागच्या फळीवर वही ठेवून लिहायला बसली. एकेक नंबर, आणि शेवटी एक रकाना. मी मुग्धाला विचारलं, तो कसला? ती म्हणाली, काकू, रोप कशानं गेलं ते लिहायचा. थंडी, बुरशी, दुष्काळ, हरीण, अळी. प्रत्येकाचं एक अक्षर ठरलेलं.

हरणांनी खाल्लेली अकरा मॅडमनं हरणाच्या अक्षरात टाकली. मी अडवलं. म्हटलं, दार मी उघडं ठेवलं, ती माझ्या नावावर घ्या. प्रज्ञानं पलीकडे सांगितलं. मॅडमनं मान हलवली, नाही. दात हरणाचे, तर हरीणच लिहायचं. न्यायाची बाई.

मग ती मोडलेल्या शेंड्यांवर आली. चौतीस. तिथे पेन थांबलं. थंडी नाही, बुरशी नाही, हरीण नाही. तिनं प्रज्ञाला काहीतरी विचारलं. प्रज्ञा पहिल्यांदा जरा हसली, दिवसभरात पहिल्यांदा, आणि एक शब्द म्हणाली. मॅडमनं रकान्याच्या वरच्या यादीत, हरीण आणि अळीच्या मधे एक नवीन ओळ घातली आणि खाली चौतीस वेळा एकच अक्षर लिहीत गेली.

मी म्हटलं, काय लिहिलं गं?

मुग्धानं वाचून दाखवलं. "काकू, तिथे लिहिलंय, आई."

वीस वर्षं मी सरकारी रोपवनात मेलेली झाडं जिवंत ठेवली, कुठल्या साहेबानं कागदावर माझं नाव घातलं नाही. अमेरिकेनं घातलं. झाड मरायच्या कारणांत. हरणाच्या खाली, अळीच्या वर.